बशीतला चहा आणि संगणकाचा कूलर

"ताई, संगणकाला बसवायचा चांगला कूलर कोणता? फार आवाज न करणारा हवा."

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या एक शिक्षिका जिन्यात भेटल्या आणि त्यांनी हा प्रश्न विचारला. त्या जवळच्याच एका शाळेत विज्ञान शिकवतात. विज्ञानाच्या बाई म्हणून संगणक कक्षही त्यांच्याच गळ्यात पडला आहे. कक्षात २४ संगणक आहेत आणि एकेका संगणकावर दोन-दोन मुले बसतात. बाईंच्या तक्रारी दोन होत्या. पहिली म्हणजे कक्षात इतकी घरघर असते की मागच्या रांगेतल्या मुलांना सूचना ऐकू येत नाहीत. सलग दोन तास घेतले की बाईंचा घसा बसतो. दुसरी म्हणजे उन्हाळ्यात दुपारच्या वेळी काही संगणक मध्येच आपोआप बंद पडतात. त्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलीचा प्रकल्प असा गेला होता. पाऊण तास बसून टंकलेला मजकूर आणि तक्ते नाहीसे झाले. ती रडली नाही, पण "बाई, मी वहीतच लिहिते" म्हणाली, आणि त्यानंतर संगणकाला हात लावेना. बाईंना ते फार लागले होते.

एका माजी विद्यार्थ्याने शाळेला पंधरा हजार रुपये दिले होते. त्यातून काय करावे याबद्दल शिक्षकांच्या खोलीत तीन मते होती. एकाचे म्हणणे, सगळ्या संगणकांना नवे कूलर घ्या. दुसऱ्याचे म्हणणे, आणखी थोडे पैसे जमवा आणि कक्षात एसी बसवा. तिसऱ्यांनी कुठेतरी पाण्याने थंड होणारे संगणक पाहिले होते, त्यांना तसे हवे होते. यांपैकी नेमके काय करायचे हे ठरवायला भौतिकशास्त्रातल्या दोन-तीन साध्या गोष्टी पुरतात, आणि त्या सगळ्या आठवी ते दहावीच्या पुस्तकात आहेत. म्हणूनच ही हकीकत तुमच्यापुढे ठेवते आहे.

'कूलर' हा शब्द फसवा आहे

विदर्भात उन्हाळ्यात कूलर म्हणजे वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या ओल्या जाळ्यांतून हवा ओढणारी पेटी. पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि खोलीत बाहेरच्यापेक्षा थंड हवा येते. मुंबईची हवा आधीच दमट, त्यामुळे आपल्याकडे तो फारसा चालत नाही. एसी निराळ्या पद्धतीने, पण तेच करतो. आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड हवा देतो.

संगणकातला कूलर यांतले काहीही करत नाही. तो 'थंडी' तयार करत नाही. प्रोसेसरमध्ये निर्माण झालेली उष्णता उचलून शेजारच्या हवेत टाकणे एवढेच त्याचे काम. म्हणून तो कितीही महागाचा असला तरी प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत ३३ अंश सेल्सिअस असेल तर प्रोसेसर ३३ अंशांच्या वरच राहणार. प्रश्न एवढाच असतो की किती वर.

त्याची खरी तुलना बशीतल्या चहाशी करायला हवी. कपातला चहा लवकर निवत नाही. घाईत असलेला माणूस तो बशीत ओततो आणि फुंकर मारतो. बशीत ओतल्याने चहाचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो, आणि फुंकर मारल्याने वरची तापलेली हवा बाजूला होऊन ताजी हवा येते. (चहाच्या बाबतीत बाष्पीभवनाचाही मोठा वाटा असतो. धातूला तो लाभ नाही.) संगणकाच्या कूलरमध्ये बशीच्या जागी धातूच्या पातळ पत्र्यांची रांग असते, तिला हीटसिंक म्हणतात. फुंकरीच्या जागी पंखा असतो.

नखाएवढ्या तुकड्यात एवढी उष्णता?

प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म विद्युत खटके असतात. ते सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडा विद्युतभार इकडून तिकडे जातो. यात काहीही वजन उचलले जात नाही की चाक फिरत नाही. त्यामुळे प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

नेहमीच्या कामाच्या संगणकातला प्रोसेसर भर कामात सुमारे ६५ वॅट उष्णता देतो असे धरू या. पूर्वीच्या घरगुती दिव्याएवढीच ही शक्ती. पण ती ज्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते त्याचे क्षेत्रफळ जेमतेम दीड-पावणेदोन चौरस सेंटीमीटर असते. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे ४० वॅट. आता कपड्यांची इस्त्री घ्या. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर धरला तर दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट होतात. म्हणजे प्रोसेसरमध्ये उष्णतेची दाटी इस्त्रीच्या आठ पट आहे. इस्त्री तापावी म्हणून बनवलेली असते, प्रोसेसर मात्र शंभर अंशांच्या आत ठेवावा लागतो.

संगणक आणि उष्णता यांचे नाते जुनेच आहे. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीतला तंतू तापवावाच लागे. एका तंतूला दोन वॅट धरले तरी नुसत्या तंतूंचीच उष्णता पाच किलोवॅटच्या पुढे जाते. पण ती कित्येक कपाटांमध्ये पसरलेली होती. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग एका तुकड्यावर हजारो ट्रान्झिस्टर मावू लागले आणि उष्णता एकदम कमी झाली. १९८०च्या दशकातल्या ३८६ प्रोसेसरला सहसा धातूचा ठोकळाही लागत नसे. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम मात्र १५ वॅटच्या आसपास उष्णता देऊ लागला, आणि त्यापुढे हीटसिंक आणि पंखा हे संगणकाचे कायमचे सोबती झाले.

उष्णतेचा 'ओहमचा नियम'

कूलरची निवड करायची तर एक सूत्र पुरते, आणि ते मुलांना आधीच ठाऊक आहे. विद्युतमंडलात विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. उष्णतेच्या बाबतीत विभवांतराच्या जागी तापमानातला फरक ठेवा, धारेच्या जागी वॅट ठेवा आणि रोधाच्या जागी औष्णिक रोध ठेवा:

तापमानातला फरक = वॅट × औष्णिक रोध

रोधाचे एकक 'अंश प्रति वॅट'. रोध ०.५ असेल तर ६५ वॅटना ३२.५ अंशांचा फरक पडतो. हे रोध एकसर जोडलेले असतात, म्हणून त्यांची बेरीज करायची. सिलिकॉनपासून प्रोसेसरच्या धातूच्या झाकणापर्यंतचा पहिला रोध. झाकण आणि हीटसिंक यांच्यामधल्या पेस्टचा दुसरा. हीटसिंकपासून हवेपर्यंतचा तिसरा.

उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. पहिला रोध ०.१५, दुसरा ०.१०, तिसरा ०.३५; बेरीज ०.६०. ६५ वॅटने गुणले की ३९ अंश. मे महिन्यात मुंबई उपनगरातले कमाल तापमान सरासरीने ३३-३४ अंशांच्या घरात असते. खोलीत ३३ अंश धरू. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा थोडी अधिक तापलेली असते, समजा ६ अंशांनी. तर प्रोसेसरचे तापमान होईल ३३ + ६ + ३९ = ७८ अंश. म्हणजे काहीच काळजीचे कारण नाही. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथवर पोहोचले की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर संगणक स्वतःला बंद करून घेतो.

आता बाईंच्या कक्षातला बंद पडणारा संगणक घेऊ. चार-पाच वर्षांत पत्र्यांमध्ये धूळ बसली, हवा आत शिरेना. तिसरा रोध ०.७५ झाला. पेस्ट वाळून भेगाळली, दुसरा ०.३० झाला. बेरीज १.२०, आणि तापमानातला फरक ७८ अंश. कॅबिनेटमधली हवाही आता ९ अंशांनी तापते. ३३ + ९ + ७८ = १२० अंश! प्रत्यक्षात तिथवर वेळ येतच नाही. त्याआधीच संगणक बंद पडतो, आणि पाऊण तासाचे काम घेऊन जातो.

आता एसीच्या सल्ल्याकडे पाहा. एसीने खोली ३३ वरून २५ अंशांवर आणली तर या बेरजेतून फक्त ८ अंश कमी होतील. १२० चे ११२ होतील. संगणक तरीही बंद पडेल! दोष ज्या रोधात आहे तो तसाच ठेवून खोलीचे तापमान उतरवणे म्हणजे नळ तुंबला असताना टाकीत अधिक पाणी भरण्यासारखे आहे.

या सूत्रातून आणखी एक गोष्ट कळते. कूलर चांगला असो की वाईट, ६५ वॅट उष्णता शेवटी खोलीतच येते. चांगल्या कूलरने प्रोसेसर थंड राहतो, खोली थंड होत नाही. बाईंनी विचारले, "मग कक्ष एवढा तापतो तो संगणकांमुळेच ना?" आम्ही हिशेब केला. पडद्यासकट एका संगणकाला सरासरी १०० वॅट धरले तर २४ संगणकांचे २.४ किलोवॅट. स्वस्थ बसलेले शाळकरी मूल सुमारे ७५ वॅट उष्णता बाहेर टाकते. ४८ मुलांचे झाले ३.६ किलोवॅट. म्हणजे कक्ष तापवण्यात संगणकांपेक्षा मुलांचाच वाटा मोठा! बाई खूप हसल्या. हा हिशेब त्यांनी नंतर नववीच्या मुलांना घातला.

पेस्ट, पत्रे आणि नळ्या

तिन्ही रोध कशाने कमी होतात ते थोडक्यात पाहू.

प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर डोंगरदऱ्या असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की शिखरे तेवढी टेकतात आणि दऱ्यांत हवा राहते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पेस्ट या दऱ्या भरते. साधी पेस्ट हवेपेक्षा शंभर-दीडशे पट चांगली वाहक असते, पण तांब्याच्या मानाने ती शंभराव्या भागाइतकीच. म्हणून ती हवेची जागा घेण्यापुरतीच हवी. वाटाण्याएवढा ठिपका मध्यभागी ठेवून हीटसिंक दाबून बसवला की झाले. लोण्यासारखी थापली तर उपयोग उलटा होतो.

पत्र्यांचे काम पृष्ठभाग वाढवण्याचे. पण पत्र्यांपर्यंत उष्णता पोहोचायला हवी. प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या पसरट कूलरमध्ये ॲल्युमिनियमचा ठोकळा मधोमध असतो आणि पत्रे त्याला चिकटलेले असतात. उंच कूलरमध्ये, ज्यांना बाजारात 'टॉवर' म्हणतात, प्रोसेसरजवळून तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या वर जातात आणि त्यांच्यावर पत्रे ओवलेले असतात. या नळ्या भरीव तांब्याच्या नसतात. आतली हवा काढून त्यांत थोडेसे पाणी भरलेले असते. दाब कमी असल्याने ते पाणी ४०-५० अंशांनाही उकळते. तळाशी वाफ होते, वर पत्र्यांपाशी ती निवून पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे तसे, परत तळाशी येते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली होती.

यातले बाष्पीभवनाच्या अप्रकट उष्णतेचे गणित वर्गात घालण्याजोगे आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता घेतली जाते. ६५ वॅट म्हणजे सेकंदाला ६५ जूल. तेव्हा मिनिटाला फक्त १.६ ग्रॅम पाणी वाफ होऊन वर गेले की काम झाले! नळीतले तेच थेंब पुन्हा पुन्हा फिरत राहतात. पंप नाही, वीज नाही आणि आवाजही नाही.

पाण्याचे कूलर हवे असणाऱ्या शिक्षकांसाठी एक खुलासा. त्यांत पंप पाणी फिरवून उष्णता दूरच्या पत्र्यांपर्यंत नेतो, पण तिथेही ती शेवटी पंख्याने हवेतच टाकावी लागते. खूप जास्त वॅटच्या प्रोसेसरला त्याचा उपयोग होतो. शाळेच्या संगणकाला पंप नावाची बिघडणारी आणखी एक वस्तू कशाला हवी?

आवाज कुठून येतो?

पत्र्यांवरून किती हवा जायला हवी? एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १२०० जूल लागतात. ६५ वॅट उष्णता हवेचे तापमान फक्त १० अंशांनी वाढवून वाहून न्यायची असेल तर सेकंदाला साधारण साडेपाच लिटर हवा पुरते. ही काही फार नाही. ती कशी हलवायची यावर आवाज ठरतो.

एकाच पंख्याचा वेग बदलला तर हवा वेगाच्या प्रमाणात कमी-जास्त होते, पण आवाजाची शक्ती साधारण वेगाच्या पाचव्या घाताने बदलते. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते आणि आवाजाची शक्ती २ × २ × २ × २ × २, म्हणजे ३२ पटींनी उतरते. डेसिबलच्या भाषेत १५ डेसिबल. (दर १० डेसिबलला शक्ती दहा पट होते. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते.)

पंख्याचा आकार वाढवला तर? त्याच घडणीच्या पंख्याचा व्यास दीडपट केला, ८० मिलीमीटरऐवजी १२० घेतला, तर एका फेऱ्यात हलणारी हवा १.५ × १.५ × १.५, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होते. तेवढीच हवा हवी असेल तर पंखा एक-तृतीयांशापेक्षाही कमी वेगाने फिरवून चालतो. पंखा मोठा झाल्याने थोडा आवाज वाढतो, वेग उतरल्याने पुष्कळ कमी होतो. गोळाबेरीज सुमारे १४ डेसिबलची बचत होते. शांत कूलरचे सगळे रहस्य यातच आहे: पत्रे भरपूर, पंखा मोठा आणि वेग कमी.

घरी एकच संगणक असतो, कक्षात २४. सारख्या आवाजाचे २४ स्रोत एकत्र आले की शक्ती २४ पट होते, म्हणजे आणखी १४ डेसिबल. एकेका संगणकाचा आवाज ३६ डेसिबल असेल, जो एकटा असताना कुणाच्या लक्षातही येणार नाही, तर कक्षात ५० डेसिबल होतात. शांतता क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या परिसरात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसाची मर्यादा ५० डेसिबलच ठेवली आहे. रस्त्यावरच्या भोंग्याने हा आकडा गाठला तर आपण तक्रार करू, आणि इथे तो वर्गाच्या आतच! जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनात वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. मुलांना बोलणे नीट कळायचे तर शिक्षकाचा आवाज इतर आवाजापेक्षा १५ डेसिबलने मोठा हवा. म्हणजे ५० डेसिबलच्या कक्षात मागच्या रांगेपर्यंत ६५ पोहोचवायला हवेत. बाईंचा घसा का बसत होता, ते इथे कळते.

आम्ही काय केले

एका रविवारी सकाळी बाई, मी, शाळेचा हार्डवेअर पाहणारा मुलगा आणि नववीतली चार मुले कक्षात जमलो. त्यांत ती मुलगीही होती. बाईंनी तिला मुद्दाम नोंदी ठेवायला बोलावले होते.

आधी मोजमाप केले. मोबाइलवरचे आवाज मोजणारे ॲप म्हणजे काही प्रमाणित उपकरण नव्हे, पण आधीची आणि नंतरची तुलना करायला ते पुरते. कक्षाच्या मध्यभागी आकडा ५० च्या आसपास आला. पंखे मिनिटाला सुमारे २६०० फेरे घेत होते. कॅबिनेट उघडली तेव्हा कारण समोर आले. पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धुळीची अक्षरशः गादी तयार झाली होती. मुंबईच्या दमट हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते. त्यात रस्त्याकडेची शाळा. हवा जात नाही म्हणून प्रोसेसर तापतो, प्रोसेसर तापतो म्हणून पंखा वेग वाढवतो, वेग वाढला की आवाज वाढतो आणि आणखी धूळ ओढली जाते. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते.

गॅलरीत नेऊन, नाका-तोंडाला रुमाल बांधून, ब्लोअरने सगळे साफ केले. वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. २४ पैकी १७ संगणकांना एवढेच लागले. चारांचे पंखे हाताने फिरवले तरी करकरत होते, म्हणजे आतले बेअरिंग झिजले होते. ते पंखे बदलले. उरलेल्या तीन संगणकांवर मुले स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती जोडतात. तिथे प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण शक्तीने चालतो. त्या तिघांनाच नवे टॉवर कूलर घ्यायचे ठरले. पुढच्या शनिवारी बाई स्वतः मुलुंडहून दादर आणि दादरहून ग्रँट रोड असा प्रवास करून लॅमिंग्टन रोडवरून ते घेऊन आल्या.

सगळे झाल्यावर पंखे १६०० फेऱ्यांवर आले. पाचव्या घाताच्या नियमाने आवाज साडेदहा डेसिबलने उतरायला हवा होता. ॲपवर आकडा आला ४१. "म्हणजे नऊच कमी झाले," मुलीने वहीत पाहून सांगितले. "उरलेले कुठे गेले?" खिडकीबाहेर रिक्षा चालू होती, ती तिनेच दाखवली. मोजमापाचा सर्वांत महत्त्वाचा धडा त्या दिवशी तोच होता.

कूलर घ्यायचाच असेल तर

साफसफाई आणि नवी पेस्ट याने भागते का ते आधी पाहा. नसेल भागत, तर चार गोष्टी वहीत लिहून मगच दुकानात जा. पहिली, प्रोसेसरचे नाव आणि त्याचे वॅट. कामाच्या भरात काही प्रोसेसर छापील आकड्यापेक्षा बरेच जास्त वॅट घेतात, म्हणून दोन्ही आकडे पाहावेत. दुसरी, सॉकेटचे नाव, कारण प्रत्येक कूलर प्रत्येक बोर्डावर बसत नाही. तिसरी, कॅबिनेटमधली जागा. टॉवर कूलरची उंची बहुधा १५० ते १६० मिलीमीटर असते. प्रोसेसरपासून बाजूच्या झाकणापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. अरुंद कॅबिनेटमध्ये तो मावत नाही आणि झाकण उघडे ठेवले की धूळ दुप्पट. चौथी, पंखा. तो १२० मिलीमीटरचा आणि चार तारांचा असावा. चौथ्या तारेमुळे संगणक तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग हवा तसा कमी-जास्त करू शकतो.

कूलर बसवल्यावर संगणकाच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग तपासा. पुष्कळदा तो ५० अंशांनाच धावू लागेल असा लावलेला असतो. ७५ अंशांवर प्रोसेसरला काहीही होत नाही. ६० अंशांपर्यंत पंखा संथ ठेवला तर मजकूर लिहिण्यासारख्या कामात तो ऐकूही येणार नाही. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका आणि टेबलाच्या बंद खणात ठेवू नका. आत येणारी हवाच गरम असेल तर कोणताही कूलर काय करणार?

साफ करताना वीज बंद करून वायर काढा. पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरा. ब्लोअरच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते. शाळा सुरू होण्याआधी जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, एवढी सफाई मुंबईत पुरते.

वर्गात करून पाहा

१. तळ सपाट असलेले दोन सारखे स्टीलचे डबे घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी घालून ओट्याच्या कडाप्प्यावर ठेवा. एका डब्याखालचा कडाप्पा कोरडा ठेवा, दुसऱ्याखाली पाण्याचा पातळ थर द्या. दहा मिनिटांनी दोन्हींतले तापमान मोजा. कोणता लवकर निवतो? पेस्टचे काम काय ते मुले स्वतः सांगतील.

२. एक कप गरम पाणी कपातच ठेवा, तेवढेच परातीत ओता, आणि तिसरे परातीत ओतून पुठ्ठ्याने वारा घाला. दर दोन मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. कूलरमधली बशी आणि फुंकर अशी वेगवेगळी मोजता येते.

३. पंख्याला ७ पाती असून तो मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याचा सूर ३००० × ७ ÷ ६० = ३५० हर्ट्झचा असतो. मोबाइलवर सुराची वारंवारता दाखवणारे ॲप मिळते. सूर मोजून उलट गणिताने पंख्याचे फेरे काढा आणि संगणकाने दाखवलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

पंधरा हजारांतले साडेसहा हजार उरले. एसीचा विषय शिक्षकांच्या बैठकीत पुन्हा निघालाच. बाईंनी त्या मुलीने लिहिलेला हिशेब फळ्यावर मांडला: संगणक २.४ किलोवॅट, मुले ३.६ किलोवॅट. मग म्हणाल्या, "संगणकांना एसी नको आहे. ३३ अंशांत त्यांचे छान चालते. मुलांना हवा असेल तर तसे म्हणून मागू या." उरलेल्या पैशांतून सध्या दोन एक्झॉस्ट पंखे बसवले आहेत. ते मोठे आहेत आणि संथ फिरतात.